डब्यातून आलेली पानं

माझे यजमान सुबोध यांनी आमच्या लाडवांच्या वेबसाइटवर लाडू सोडून बाकी सगळ्याबद्दल लिहिलं आहे. हे मी चिडून म्हणते, पण त्यात थोडं कौतुकही आहे.

मी मुलुंडला बाळंतिणींसाठी डिंकाचे आणि अळिवाचे लाडू करून देते. पूर्वी ते स्टीलच्या डब्यातून जायचे. आणि डबा रिकामा परत कोण पाठवतं? बारसं आटोपलं की डबा यायचा आणि त्यात काहीतरी असायचंच. हे तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. डबा आला की कॉम्प्युटरपुढे बसायचे आणि त्या डब्याचं एक नवं पान वेबसाइटवर चढवायचे. घाटकोपरच्या शाहांकडून ठेपले. बोरीवलीहून सोसायटीतल्या झाडाचे पेरू. मानखुर्दच्या एका आजींनी सुके बोंबील घालून पाठवले होते. तो डबा मी चिंचेनं घासला, उन्हात ठेवला, तरी त्यात पुन्हा लाडू भरायचा धीर झाला नाही. ह्यांनी मात्र बोंबलांवर पानभर लिहिलं. मी स्वयंपाकघरातून विचारायचे, भाव लिहिलात का, फोन नंबर घातलात का? लिहितो गं, म्हणायचे आणि विसरायचे.

फार सुखाचे दिवस होते ते. आत तुपात डिंक फुलायचा, बाहेर ह्यांची टकटक चालायची आणि कुणाकडे मुलगी झाली, कुणाचं नाक आजोबांवर गेलं, ते सगळं आमच्या घरी कळायचं. पुढे कुरिअर आलं, पुठ्ठ्याचे खोके आले. खोका काही परत येत नाही. ह्यांचं लिहिणं थांबलं, आणि गेल्या हिवाळ्यात ऑर्डरीही थांबल्यासारख्याच झाल्या. यंदाही असंच गेलं तर हे काम बंद करायचं, असं मी ह्यांना सांगून टाकलं. दुसऱ्याच दिवशी माझ्या भाचीला, अबोलीला, ह्यांनीच फोन लावला.

अबोली अंधेरीला एका ऑफिसात वेबसाइटचंच काम करते. छोट्या दुकानांच्या जुन्या वेबसाइट्स आवरून त्या गूगलवर वर कशा येतील ते बघते. तिनं आमची वेबसाइट उघडली आणि कपाळाला हात लावला. प्रत्येक पानावर डिंकाचे लाडू, मुलुंड, एवढंच सारखं, आणि पुढे पेरू नाहीतर बोंबील. गूगलला कळतच नाही की ह्यातलं खरं पान कुठलं, असं ती म्हणाली. म्हणजे पंगतीत सगळेच वाढपी, घरचा माणूस कोण ते कळतच नाही. सगळी पानं मिळून एकच चांगलं पान करायचं, त्यावर भाव, फोन, माहिती घालायची, आणि जुन्या पानाचा पत्ता कुणी उघडला तरी तो नव्या पानावर येईल असं करायचं.

ह्यांचा चेहरा उतरला. ती पानं नाहीत, माणसं आहेत, म्हणाले आणि गॅलरीत जाऊन बसले. लहान मुलासारखे रुसतात. मलाही वाईट वाटलं, पण लाडूच गेले नाहीत तर ती माणसं येणार कुठून? तसं मी तोंडावर म्हटलं, तेव्हा परत आत आले.

मग आम्ही तिघं दुपारभर एकेक पान वाचत बसलो. मध्येच हे थांबले आणि म्हणाले, "हे आधी काढ. मी तेव्हा लिहायलाच नको होतं."

जोगेश्वरीचं पान होतं. तिथल्या एका मुलीचं बाळ वाचलं नव्हतं. डबा धुऊन पुसून आला होता, रिकामा. तिच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, आता कशाला लाडू? मी त्याच डब्यात पुन्हा लाडू भरले आणि स्वतः घेऊन गेले. बाळ नसलं तरी ती बाळंतीणच, तिच्या कमरेला ते कसं कळणार, असं मी म्हटलेलं ह्यांनी जसंच्या तसं लिहिलं होतं. ती मुलगी माझ्यासमोर अर्धा लाडू खायला किती वेळ घेत होती, ते मला आठवलं आणि डोळ्यांत पाणी आलं.

शुभ कामाच्या वेबसाइटवर हे कशाला, असं ह्यांचं म्हणणं. अबोलीनं लॅपटॉप आमच्याकडे वळवला. बाकीच्या पानांवर कोणी फिरकत नव्हतं. ह्या एकाच पानावर माणसं येत होती, वर्षानुवर्षं. काय शोधत येतात तेही तिथे दिसत होतं. बाळ गेल्यावर बाळंतिणीला काय द्यावं.

"काका, हे कशातच मिसळायचं नाही," अबोली म्हणाली. "असंच राहू दे."

त्या पानावर फोन नंबर घालू का, असं तिनं विचारलं. हे एकदम म्हणाले, तिथे काही विकायचं नाही. मी म्हटलं, "विकायला नाही हो. विचारायला."

बाकी सगळ्यांचं एक पान झालं. ठेपले, पेरू, बोंबील, प्रत्येकाच्या वाट्याला एकेक ओळ आली. आणि एकदाचे भावही लिहिले गेले. थंडी पडायच्या आत ऑर्डरी येऊ लागल्या.

परवा एका मुलाचा फोन आला. माझ्या सवयीनं मी विचारलं, मुलगा की मुलगी? तो म्हणाला, ते जोगेश्वरीचं पान वाचून फोन केलाय. बायको काही खात नाही. घरचे म्हणतात, बाळंतिणीचं आता काही नको.

"तिला फोन दे," मी म्हटलं.

फोन तिच्याकडे गेला. नुसता श्वास ऐकू येत होता.

"मी कुंदा. लाडू करते. गूळ नेहमीसारखा घालू की थोडा कमी?"

मी ओट्यावरचा गुळाचा डबा जवळ ओढला.

"थोडा कमी," ती म्हणाली आणि मग रडली. मी फोन कानाला तसाच धरून ठेवला.