लोणी काढायचा हात

सकाळच्या पारी दारात कुणी तांब्या घेऊन उभं राहिलं, की सुकन्याला आता चुलीमागं लपून बसावंसं वाटायचं. ताक मागायला आलेलं माणूस! या दारात ताकाला आलेल्याला आजवर कुणी 'न्हाय' म्हटलं नव्हतं. सासरा सोनबा मेंढरं राखायचा तेव्हापासूनचा रिवाज तो. पुढं मेंढरं गेली, कालव्याच्या पाण्यावर ऊस आला, गोठ्यात म्हशी आल्या, सकाळचं दूध डेअरीला जायला लागलं. पण संध्याकाळचं दूध घरीच विरजायचं आणि त्याचं ताक वस्तीला फुकट वाटायचं, हे काही सुटलं नाही. ताकाला पैसा घेतला तर म्हशी आटतील, असं सोनबा मरेस्तोवर म्हणत होता. सणसरच्या त्या वस्तीवर सगळी घरं भावकीतलीच. सगळ्यांच्या भाकरीसोबत सिंधुबाईचं ताक ठरलेलं.

सिंधुबाई म्हणजे सुकन्याची सासू. रवी फिरवून लोणी वर आलं, की ती कोपरापर्यंत हात डेऱ्यात घालायची, लोणी अलगद गोळा करून काढायची, मग रांजणातलं गार पाणी ओतून पुन्हा हातानंच ताक ढवळायची. पळीबिळीचं नाव काढलेलं तिला खपायचं नाही. "सिंधाक्काच्या हातालाच चव हाय," असं वस्तीवरच्या बाया म्हणायच्या, आणि तेवढ्यावर म्हातारीचा सगळा दिवस गोड जायचा. बाई स्वच्छही तशीच हो! बाहेरनं आली की राखेनं हात घासल्याशिवाय उंबरा ओलांडायची नाही. तिच्या हाताला नाव ठेवायची कुणाची टाप नव्हती.

भूकंप झाला त्याच्या पुढच्या सालात वस्तीवर मुदतीचा ताप शिरला. आधी सुकन्याचा नवरा राम पडला. तो उठतोय न उठतोय तोवर शेजारच्या तानूबाईचा मालक, रावजी. गडी अंगानं दणकट, त्यामुळं ताप त्यानं अंगावरच काढला. सकाळी जरा उतरायचा, संध्याकाळी चढायचा. कुणीतरी सुई टोचायचं आणि हा पुन्हा उसाला पाणी द्यायला जायचा. पोटाला थंडावा म्हणून सिंधुबाई त्याला रोज तांब्याभर ताक न चुकता धाडायची. एका दुपारी पोट धरून तो बांधावरच बसला. जीपनं बारामतीला नेईपर्यंत आतडं फुटलं होतं. रावजी गेला.

त्यानंतर सुकन्याची वैष्णवी तापली. पहिलीत जाणारी पोर, आठवडाभरात अंथरुणाला खिळली. ताप रोज कालच्यापेक्षा चढता, जिभेवर पांढरा थर, पोट फुगलेलं, आणि बोलायला गेलं तर नुसतं टक लावून बघायची. सुकन्यानं रावजीचं मरण डोळ्यांनी बघितलेलं. तिनं कुणाला विचारलं नाही, पोर खांद्यावर टाकली आणि बारामतीची एस.टी. धरली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून बघितलं, जीभ बघितली, रक्त तपासायला धाडलं. "टायफॉईड आहे," त्या म्हणाल्या.

"मंजी मुदतीचाच न्हवं? मुदत सरली की जातोय त्यो."

"मुदतीची वाट बघत बसलं की माणूस जातं, बाई. आतड्याला जखमा होतात यात. औषध पुरं द्यायचं. ताप उतरला म्हणून गोळ्या मधेच सोडायच्या नाहीत. आणि पाणी उकळून."

गोळ्या चालू करूनही ताप लगेच हटेना. सुकन्या कॉटखाली सतरंजी टाकून बसून राही, ओल्या फडक्यानं पोरीचं अंग पुसून काढी. पाचव्या दिवशी वैष्णवीनं डोळे उघडून "आई, भूक" म्हटलं, तेव्हा ती व्हरांड्यात जाऊन पोटभर रडली. पोर घरी आली. सुकन्यानं विहिरीत पावडर टाकून घेतली, पाणी उकळायला वेगळी चूल मांडली, गोळ्या शेवटच्या गोळीपर्यंत दिल्या. आणि पुन्हा पंधरवड्यात पोरीला ताप! काय करावं माणसानं?

आता मात्र डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून समोर बसल्या. कधी कधी हा ताप उलटतो, म्हणाल्या, पण एकाच वस्तीवर एकामागनं एक माणसं पडतायत हे काही बरं लक्षण नाही. "पाणी उकळता. मग न उकळलेलं पोटात काय जातं?"

"ताक तेवढं."

"कोण करतं?"

"आत्ती. माझ्या सासूबाई."

"त्यांना कधी आला होता असा ताप?"

दोन वर्षांमागं आला होता. महिनाभर. सिंधुबाईनं लंघन करून, पाल्याचा काढा पिऊन काढला होता, आणि उठल्या दिवशीच डेरा घुसळला होता. सुकन्यानं हे सांगितलं आणि सांगता सांगताच तिला डेऱ्यात कोपरापर्यंत बुडालेला तो हात दिसला.

डॉक्टरीणबाईंनी घरातल्या सगळ्यांचं शौच तपासायला मागितलं. झालं! सिंधुबाईनं नुसता कल्ला केला. "घाण डबीत भरून बारामतीला न्यायची? या वयाला माझी ही शोभा?" शेवटी वैष्णवीच्या डोक्यावर हात ठेवून सुकन्यानं गळ घातली, तेव्हा कुठं म्हातारी तयार झाली. तपासणी बाकी सगळ्यांची चांगली आली. सिंधुबाईची नाही.

"आईला म्या न्हाय सांगनार," राम म्हणाला. "तूच सांग. बाईनं बाईला सांगितल्यालं बरं." आणि खोरं घेऊन उसात पसार! सुकन्याला असा संताप आला, की खोऱ्यासकट याला पाटात ढकलावं. पण भांडायलाही अंगात बळ लागतं, आणि तिच्या अंगात तर उभं राहायचंही उरलं नव्हतं.

सिंधुबाई ओसरीवर मटकी निवडत बसली होती. सुकन्या समोर बसली.

"आत्ती, तुमच्या पोटात त्या तापाचा जंतू हाय."

"माज्या? मी तर खुटखुटीत हाय."

"तुमाला कायच हुनार न्हाय. तुमचा ताप गेला, पण जंतू पित्ताच्या पिशवीत दडून बसलाय. बाहेरला गेलं की तितनं पडतो, हाताला लागतो. हातातनं मग ताकात."

"मी राखेनं घासती हात!"

"मला ठाव न्हाय व्हय? पर राखेनं समदं जात न्हाय, आत्ती. नखात ऱ्हातं. आन तुमी कोपरापतुर हात घालताय."

सिंधुबाईनं आपले हात उलटेसुलटे करून बघितले. मग हळूच म्हणाली, "मंग रावजी गं?"

हा प्रश्न येणार, हे सुकन्याला ठाऊक होतं. येताना एस.टी.त सारा वेळ तिनं उत्तर जुळवलं होतं. "भावजी हिरीच्या पान्यानं गेले," ती म्हणाली. "पावडर नंतर पडली की." म्हातारीनं तिच्याकडं बघितलं आणि पुन्हा मटकी निवडायला घेतली. दाणे आणि खडे एकाच सुपात पडत होते.

महिनाभराच्या गोळ्या सिंधुबाईला चालू झाल्या. तिनं अन्नाला हात लावायचा नाही, आणि सगळ्यांची तपासणी पुन्हा पुन्हा चांगली येईस्तोवर या घरातलं न उकळलेलं काही बाहेर द्यायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. सुकन्यानं डेरा पालथा घातला. संध्याकाळचं दूधही डेअरीला जायला लागलं; तिथं ते तापवलंच जायचं.

आणि मग सुरू झाले ते तांबे. "आज इरजानच लागलं न्हाय बघा." "म्हस लाथाडली." "पोरीच्या दुखन्यात घुसळायला सवड न्हाय." रोज नवी थाप कुठनं आणायची? खरं सांगावं, तर सासूला वस्तीवर तोंड दाखवायला जागा राहणार नाही आणि तानूबाई जन्माची वैरीण होईल. त्यापेक्षा आपल्यालाच काय बोलायचं ते बोलू देत, असं सुकन्यानं ठरवून टाकलं. बाया बोलल्याच. सून पैशाला हपापली, सोनबाचा रिवाज बुडवला, म्हातारीला कोपऱ्यात बसवलं. विहिरीवर सुकन्या गेली की बोलणं थांबायचं. ती हंडा भरायची आणि परत यायची. पोर बरी होतीय ना, बास, असं मनाशी म्हणायची. थकली होती बाई नुसती.

त्या सकाळी दारात तानूबाई आली. कपाळ मोकळं, हातात तांब्या.

"ताक दे."

"आज न्हाय हो, जाऊबाई. कालचं दूद..."

"फुरं कर!" तानूबाईचा आवाज चढला. "रोज काय ना काय सांगतीस. मला घोटभर नगं, माज्या सूरजला पायजे. पोरगं तापानं फनफनलंय, त्येच्या पोटात आग पडलीया, आन तुज्याच्यानं तांब्याभर ताक देववंना? त्याचा बाप असता तर आली असती व्हय मी तुज्या दारात?"

सूरज तिचा एकुलता एक. इंदापूरच्या कॉलेजात जाणारा. सुकन्या उंबरा ओलांडून पुढं आली. "कवाधरनं हाय ताप?"

"झालं की आठ-धा दिस. कनकन हुती, आता चढलाय."

आठ-दहा दिवस! आपण इथं थापा मारत बसलो, आणि शेजारच्या घरात ताप चढत होता. जाऊबाई, त्याला दवाखान्यात न्या, एवढं तरी बोलावं म्हणून तिनं तोंड उघडलं.

तेवढ्यात मागनं सिंधुबाई बाहेर आली. हात पदराखाली.

"तानू, तिला बोलू नगंस. ताक म्या बंद केलंय."

"तू? का गं सिंधाक्का?"

"माज्या हातातनं ताप जातोय. बारामतीला तपासलं. माज्याच पोटात हाय त्यो, दोन सालं झाली. रामला माज्या हातचाच, वैष्णवीला माज्या हातचाच." तिचा आवाज फाटला. "आन रावजीला बी. ही म्हन्ती हिरीच्या पान्यानं. ही खोटं बोलती माज्यासाटनं. रोज ताक म्या धाडत हुती त्येला."

"आत्ती!" सुकन्या ओरडली.

"गप ऱ्हा तू. त्येचं पोरगं आठ दिस तापतंय, आन आमी हितं अब्रू झाकत बसलोय."

तानूबाई मटकन पायरीवर बसली. ती ओरडेल, छाती पिटेल, असं सुकन्याला वाटलं होतं. तसलं काहीच झालं नाही. ती हातातल्या रिकाम्या तांब्याकडं बघत म्हणाली, "शेवटी शेवटी त्येला दुसरं कायबी ग्वाड लागत न्हवतं. सारका म्हनायचा, सिंधाक्काचं ताक आन."

सिंधुबाईच्या तोंडून हुंदका फुटला. तानूबाईनं वर बघितलंच नाही. ती उठली, पदरानं तोंड पुसलं आणि सुकन्याला म्हणाली, "तू चल माज्यासंगं. तुला डाक्टरीन वळखती."

तासाभरात जीप आली. सूरजला मागं आडवं केलं. त्याचं डोकं सुकन्यानं मांडीवर घेतलं आणि पोटावर हात ठेवून बघितलं. पोट फुगलेलं होतं, पण अजून मऊ होतं. पोरगं कण्हत होतं, बोलत होतं, पाणी मागत होतं. वेळ होती अजून. अंगात त्राण नसतानाही सुकन्याला इतक्या दिवसांत पहिल्यांदा जरा मोकळं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

जीप वळताना तिनं मागं बघितलं. सिंधुबाई वस्तीच्या वाटेनं चालली होती, ज्या ज्या दारी तिचं ताक जायचं त्या दारांकडं. पहिल्या घराची बाई तिला बघून हसत बाहेर आली आणि सवयीनं तिनं तांब्या पुढं केला. सिंधुबाईनं हात पदराखालनं काढले नाहीत. ती अंगणातच उभी राहिली आणि बोलायला लागली.