लाल पट्टी काढलेला संगणक

मी चष्म्याच्या दुकानातला चौदा वर्षांचा संगणक बोलतोय. आमच्या ताईंची झोप उडाली होती आणि ती उडवणारा मीच.

ताई माझ्यावर काम करतात. त्यांच्या चिमीचा नंबर वाढला, म्हणून चष्मा इथेच केला. तरी पोरगी पुस्तक नाकालाच लावी.

"आई, हा जुन्यासारखाच आहे गं."

"सवय होईल," ताई म्हणत. पण सकाळी मला सुरू करताना स्वतःशीच पुटपुटत, "डोळे आणखी बिघडले असतील का? माझंच काही चुकतंय का?"

चुकत माझं होतं. मला बोलता येत नव्हतं.

माझ्या कळांत बिस्किटांचा भुगा आहे, पंख्यात केसांची गुंतवळ. त्याची मला किळस नाही. किळस येते मालकांची. सगळ्यांचे नंबर ठेवायला नवा सर्व्हर आला, त्याला गार खोली मिळाली. त्याची भाषा मला धड कळेना. पण भिंगं घासायचं यंत्र फक्त माझंच ऐकतं. मालक म्हणाले, "चालतंय ना? मग चालू दे." तंत्रज्ञाने ओढूनताणून आमची सोयरीक जुळवली. जोडणी तुटली की मी माझ्याकडची जुनी नोंद दाखवायची, वर लाल पट्टी : 'ही नोंद जुनी आहे.'

मालकांनी ती पट्टीही काढायला लावली. "गिऱ्हाइकासमोर बरी दिसत नाही."

तेव्हापासून मी शिळं ते ताजं म्हणून वाढतोय. शी! स्वतःचाच पडदा बघवत नाही.

काल शाळा सुटल्यावर चिमी दुकानात आली. ताईंनी तिचे जुना-नवा दोन्ही चष्मे नंबर मोजायच्या यंत्रावर ठेवले. दोन्ही सारखे! सर्व्हरवर नंबर नवा, माझ्याकडे जुनाच. पोर पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती. आणि असे आणखी किती चष्मे गेले असतील?

"साहेब, हा आजच बंद करा," ताई मालकांना म्हणाल्या. "नाहीतर उद्यापासून मी यावर कामाला बसणार नाही."

"अहो, एका चष्म्यासाठी एवढं? बाकी सगळं चालतंय ना?"

चालत नाही हो! कुणीतरी माझी वायर ओढा, हात जोडतो. पण माझं ऐकतंय कोण?

चिमीने नाकावरचा चष्मा काढला, फ्रॉकला पुसला आणि मालकांपुढे धरला.

"काका, मग हा तुम्हीच घाला."