साडेसातचं नाटक

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी ड्यूटीरूममधला फोन वाजला, तेव्हा ताई गाणाऱ्या बाईंसाठी कोमट पाणी घेऊन निघाली होती. आज चूक परवडणार नव्हती. वर्षातून एकच दिवस असा असे, की देशातली सगळी रेडिओ केंद्रं आपापले कार्यक्रम बाजूला ठेवून या एका इमारतीतून येणारे कार्यक्रम लावत. सकाळी गाणं, दुपारी गप्पा, संध्याकाळी साडेसातला नाटक.

"ताईच ना? आवाजावरून ओळखलं." बाईचा दबका आवाज. मागे यंत्रांची घरघर. "संध्याकाळचं नाटक थांबवा."

"कोण बोलतंय?"

"मघाशी तुम्ही त्याची जाहिरात लावली. त्यात आई मुलीला म्हणते, उजव्या बाजूला ये, डाव्या कानानं तुला ऐकू येत नाही ना. ते वाक्य माझं आहे. मी पत्रात लिहिलं होतं. तुम्हाला."

ताईनं पाण्याचं भांडं टेबलावर ठेवलं. थोडं सांडलंच.

"नाटकात कारखाना आहे का? शिंपल्यांची बटणं करणारा?"

ताईनं सांडलेलं पाणी पदरानं टिपलं.

"असा कारखाना देशात एकच आहे, ताई. आणि संध्याकाळी रेडिओ लावल्याशिवाय मुलीच्या बापाच्या घशाखाली घास उतरत नाही. माझी पाळी तीनला सुटते. तेव्हा परत फोन करते." फोन बंद झाला.

ताई म्हणजे कुणाची सख्खी ताई नव्हे. अकरा वर्षं ती दुपारच्या कार्यक्रमात श्रोत्यांची पत्रं वाचत होती आणि पत्रं लिहिणाऱ्या बायांनीच तिला ताई करून टाकलं होतं. पुढे ऑफिसातही तेच नाव पडलं. हे पत्र तिला चांगलं आठवत होतं. आठ पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. नवऱ्याच्या एका थपडेनं मुलीचा डावा कान गेला, त्या रात्री ही मुलीला घेऊन निघाली. पुढे कोर्टानं मुलीचा ताबा बापाला दिला, म्हणून पोलिसांकडे जायची सोय नव्हती. चार वर्षांत तीन घरं बदलली. आता नदीच्या वळणावरचा कारखाना, बेकरीवरची खोली, रोज हजारो बटणं निवडायची. शेवटी लिहिलं होतं, हे वाचून दाखवू नका, फक्त तुम्हाला सांगायचं होतं.

ताईनं ते वाचून दाखवलं नाही. तिनं ते घरी नेलं आणि जेवताना दिराच्या पुढ्यात ठेवलं. दीर कधीपासून नाटकं लिहून पाठवायचा आणि ती साभार परत यायची. "बघा भावोजी, खरं दुःख कसं बोलतं ते," एवढंच ती म्हणाली होती. दीड महिन्यात त्यानं नाटक लिहिलं आणि ते थेट राष्ट्रीय कार्यक्रमासाठी निवडलं गेलं. ताईनं ते वाचलं तेव्हा तिला सगळं ओळखू आलं होतं. पण सासूबाई शेजारीपाजारी सांगत सुटल्या होत्या, दीर दहा वर्षांनी लहान झाल्यासारखा हसत होता. एवढ्या मोठ्या देशात कोण कुठे ओळखतंय, अशी तिनं मनाची समजूत घातली.

गाण्याचा कार्यक्रम सुरू होताच ती केंद्रप्रमुख साहेबांच्या केबिनमध्ये गेली. पण पत्र आपणच दिलं, हे तिच्यानं सांगवेना. "एका ऐकणाऱ्या बाईचा फोन होता, नाटकातली गोष्ट तिची आहे म्हणते," एवढंच तिनं सांगितलं.

साहेब हसले. "दर नाटकानंतर असे चार फोन येतात, ताई. हिनं फक्त आधी केला. आज पाहुणे आहेत, मला असल्या भानगडी नकोत."

ताई परत आली. ड्यूटी ऑफिसर म्हणून कार्यक्रम बदलायचा तिला अधिकार नव्हता, पण जाहिरात गाळायचा होता. तिनं जाहिरातीची टेप काढून कपाटात टाकली आणि कपाटाला कुलूप लावलं. नऊ वाजता जिथे जाहिरात लागायची तिथे बासरी लागली. तेवढंच तिला जमलं, आणि तेवढ्यानं काही होणार नाही हेही कळत होतं. एकदा ऐकवलं ते ऐकवलं.

बारा वाजता ती माइकसमोर बसली. कुणाला सुनेबद्दल तक्रार होती, कुणाला पोराच्या नोकरीची काळजी. "ताई, तुमच्यापाशी मन मोकळं केलं की हलकं वाटतं," असं एका आजींनी लिहिलं होतं. ते वाक्य वाचताना तिचा आवाज फाटला. काचेपलीकडे पट्टीनं मान वर करून पाहिलं. पट्टी म्हणजे टेप जोडणारा तंत्रज्ञ. मनगटावर कायम चिकटपट्टीचं रीळ, म्हणून हे नाव. त्यानं हातानं विचारलं, पाणी हवं का? तिनं नको म्हणून मान हलवली आणि पुढचं पत्र घेतलं.

दोन वाजता पुन्हा फोन वाजला. तीनला येणारा फोन लवकर आला असं वाटून तिनं झटकन उचलला.

"नमस्कार. रेडिओ स्टेशन ना?" पुरुषाचा आवाज, अगदी मऊ. "आजच्या नाटकाच्या लेखकांचा पत्ता मिळेल का?"

"काय काम होतं?"

"काम असं नाही. सकाळी ती जाहिरात ऐकली, कानाची. माझ्या मुलीचंही अगदी तसंच आहे हो. डावाच कान. म्हटलं, लेखकांना भेटून दोन शब्द बोलावेत. त्यांना हे कुणी सांगितलं असेल, असं वाटून गेलं."

"पत्ते देत नाही आम्ही," ती कशीबशी म्हणाली.

"बरोबर आहे. मग मी संध्याकाळी येऊनच जातो. बसनं चार तासांचा तर रस्ता आहे."

ती तडक नाटक विभागात गेली. तिथले निर्माते एकटेच पोळी खात बसले होते. कुणाच्या अध्यात ना मध्यात, म्हणून त्यांना सगळे बुवा म्हणत. ताईनं दार लावून घेतलं आणि यावेळी सगळं सांगितलं. पत्र, जेवणाचं टेबल, भावोजी, मघाचा फोन. बुवांचा घास हातातच राहिला.

"हे सकाळी का नाही बोललात?"

"भीती वाटली. नोकरीची. आणि घरात काय होईल त्याची."

"साहेब पाच वाजेपर्यंत पाहुण्यांबरोबर स्टुडिओत. त्यांची सही नाही, तर नाटकाला हात लावायचा नाही असा नियम आहे." बुवांनी डबा बंद केला. "नियम माझाच आहे, मीच लिहिला होता. किती ठिकाणी आहे तो कारखाना?"

"सात."

"नाटक रद्द नाही करता येणार. तासभर सगळ्या देशाला काय ऐकवू? पण सात वाक्यं बदलता येतील. नायिकेचं काम करणारी बाई इथेच निवेदक आहे, तिला बोलावतो. मात्र लेखकाचं हो लागेल. त्याच्या अपरोक्ष त्याच्या शब्दाला कात्री लावणं मला जमणार नाही."

तीनला पत्रवाल्या बाईचा फोन आला. ताईनं तिला त्या माणसाचं सांगितलं.

"आवाज गोड होता ना?" तिनं विचारलं.

"हो."

"चिडला की गोड होतो."

"आज खोलीवर थांबू नका. कुणी आहे का?"

"आमची मुकादमीण आहे. तिच्याकडे जाते." मग ती एकदम म्हणाली, "तुम्हाला लिहायला मला दोन वर्षं लागली होती, ताई." आणि फोन ठेवला.

दीर चारला आला. नवा शर्ट, दाढी गुळगुळीत. "वहिनी, आई म्हणते रेडिओला हार घालू का?" असं हसत म्हणाला आणि तिचा चेहरा पाहून थांबला. ताईनं त्याला कॉरिडॉरमध्येच, खुर्च्यांच्या चळतीपाशी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्याचे कान लाल झाले.

"आता? साडेतीन तास राहिलेत आणि आता सांगता? शिंपल्यांमुळेच तर नाटक उभं राहिलंय, वहिनी! शिंपला फोडून बटण काढायचं, तिचं आयुष्य तसंच. ते काढलं तर उरलं काय?"

"ते तुमचं नव्हतंच, भावोजी. माझंही नव्हतं."

"पत्र तुम्ही दिलंत! मी मागितलं नव्हतं."

"मीच दिलं. उद्या सगळ्यांसमोर तेच सांगणार आहे. पण आज ती शिंपल्यांची वाक्यं प्रसारित झाली तर तो माणूस उद्या सकाळी तिच्या दारात असेल."

दीर तिच्याकडे पाठ करून खिडकीशी गेला. खाली फाटकात गाड्या उभ्या होत्या. मग त्यानं नव्या शर्टाच्या बाह्या वर सारल्या.

"कागद द्या. बंदर करतो. मासेमारीची जाळी विणायचा कारखाना. असे कारखाने तर प्रत्येक बंदरात असतात ना?"

"कानाचं?"

"ते जाहिरातीत गेलंय. काढलं तर उलट त्याला संशय येईल." तो थांबला. "तसं नाही का?"

"तसंच आहे," ताई म्हणाली.

पाच वाजता निवेदक बाई आली. तिनं सात वाक्यं चार-चार वेळा म्हटली, कारण जुन्या आवाजाशी मेळ बसेना. तिला कालपासून सर्दी होती. पट्टीनं जुनी टेप ब्लेडनं कापायची, नवा तुकडा जोडायचा, ऐकायचं, पुन्हा कापायची. टेबलाखाली टेपचा गुंता साचला. साहेब तेवढ्यात पाहुण्यांना घेऊन जेवायला बाहेर पडले होते, त्यामुळे सगळं त्यांच्या सहीशिवायच चाललं होतं. सव्वासात वाजता पहिलं रीळ तयार झालं. दुसऱ्यातली तीन वाक्यं बाकी होती.

"पहिलं लागू दे," पट्टी म्हणाला. "ते संपेपर्यंत दुसरं करतो. देव करो आणि ब्लेड न तुटो."

त्याच वेळी खालून निरोप आला, लेखकांना भेटायला कुणी गृहस्थ आलेत.

दीर उठला. ताईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं आणि स्वतः जिना उतरली.

स्वागतकक्षातल्या बाकावर पन्नाशीचा एक माणूस बसला होता. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर फळांची पिशवी. तिला पाहून तो नम्रपणे उठला. "दुपारी बोललो तुमच्याशी. आवाज लगेच ओळखला."

"लेखक कामात आहेत. नाटक संपेपर्यंत भेटता येणार नाही."

"मग इथेच ऐकतो की." त्यानं भिंतीवरच्या स्पीकरकडे बोट दाखवलं.

त्याला एकटं सोडावं की सोबत बसावं, हे तिला ठरवता येईना. बसली. नाटक सुरू झालं. तो मान किंचित कलती करून, देवळात बसावं तसा ऐकत होता. कानाचं वाक्य आलं तेव्हा त्यानं पिशवीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. पहिल्यांदा जाळ्यांच्या कारखान्याचा उल्लेख आला तसं त्यानं खिशातून छोटी वही काढून काहीतरी लिहिलं.

आठ वाजले. वर दुसरं रीळ लागायची वेळ. ताईचं सगळं लक्ष स्पीकरकडे होतं. पहिलं रीळ संपलं. एक सेकंद. दोन. तिसऱ्याला नायिकेचा आवाज आला, जरा चोंदलेला: "समुद्राचा वारा सुटला की जाळ्यांना वास येतो." ताईनं श्वास सोडला. तो माणूस तिच्याकडेच पाहत होता.

"कुठलं बंदर हे?"

"नाटकातलं. कुठलंच नाही."

"लेखक कुठून तरी घेतच असणार ना?"

"माझा दीर आहे तो. डोक्यातूनच काढतो."

"कानाचं कुठून काढलं?" आवाज आणखी मऊ झाला होता.

ताईनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. अकरा वर्षं ती लोकांची खरी पत्रं वाचत होती. त्या आवाजावर लोकांचा विश्वास होता. तोच आवाज तिनं लावला. "माझ्या सासूबाईंचा डावा कान गेलाय. आम्ही घरात सगळे त्यांच्या उजव्या बाजूला बसतो. मी तर बोलायच्या आधी खुर्चीच सरकवते. त्यानं ते घरातलंच उचललंय."

त्यानं वही मिटली.

"असं होय." नाटक संपायला अजून पंधरा मिनिटं होती, तरी तो उठला. "शेवटची बस गाठायला हवी. ही फळं लेखकांना द्या."

फाटकाबाहेर तो बसथांब्याकडे वळेपर्यंत ताई दारात उभी राहिली. फळं तिनं कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग ती जिना चढून दिराकडे गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं साहेबांना काहीही न लपवता लिहून दिलं. बुवांनी कुणी न सांगता स्वतःचंही नाव खाली घातलं. साहेब चिडले, पण मनात आकस धरणारे नव्हते. चौकशी आठ दिवसांत आटोपली. बुवांना ताकीद मिळाली. ताईचा पत्रांचा कार्यक्रम काढून घेतला आणि तिची बदली तळमजल्यावरच्या ध्वनिमुद्रिकांच्या संग्रहात झाली. नाटकाचं कौतुक करणारी पत्रं गठ्ठ्यानं आली. दिरानं चार-पाच उघडली, बाकीची तशीच राहिली. सासूबाई आठवडाभर ताईशी बोलल्या नाहीत. शिंपल्यांचं नाटक जास्त चांगलं होतं, असं त्यांचं अजून म्हणणं आहे.

संग्रहात जायच्या आधी, पत्रांच्या कार्यक्रमाच्या तिच्या शेवटच्या आठवड्यात त्या बाईचा फोन आला. तो कारखान्याकडे फिरकला नव्हता. बंदरांकडे गेल्याचं कुणाकडून तरी कळलं होतं. ती मात्र मुलीला घेऊन निघाली होती. मुकादमिणीच्या बहिणीच्या गावी, दुसऱ्या कामावर.

"मुलीला शाळा पुन्हा सोडावी लागली," ती म्हणाली. "या शाळेत तिला मैत्रीण मिळाली होती. उजव्या बाजूला बसणारी."

"माझं चुकलं," ताई म्हणाली. "तुम्ही विश्वासानं लिहिलंत."

"हो, चुकलंच." मागे कुठेतरी गाडी सुटायची घाई ऐकू येत होती. "त्या दिवशी तुम्ही धावलात, ते मी विसरणार नाही. आणि तेही विसरणार नाही. दोन्ही राहील."

कुठे जाताय, असं ताईनं विचारलं नाही. पलीकडे मुलगी काहीतरी म्हणाली, आईनं तिला "आले आले" म्हटलं आणि फोन ठेवला. ताईनं टेबलावरच्या न वाचलेल्या पत्रांचा गठ्ठा समोर ओढला. नव्या माणसाच्या हाती द्यायच्या आधी तिनं प्रत्येक पत्र उघडून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. 'वाचून दाखवू नका' असं अकरा पत्रांत लिहिलं होतं. ती तिनं वेगळी काढली, पाकिटात घातली आणि ज्यांची त्यांना परत पाठवायला स्वतः पोस्टात गेली.