गोधड्यांमागचा कॉर्डलेस फोन

मी एक जुना कॉर्डलेस फोन आहे, मित्रांनो, आणि माझी कीव करण्याची काही गरज नाही. आपली कहाणी सांगताना खुर्ची रडते, छत्री रडते, फाटकी चप्पलसुद्धा रडते. मी रडणार नाही. मी जे ऐकलं ते सांगणार आहे, आणि मी खूप ऐकलं आहे.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. माझे भाग दोन. एक बैठक, तिला टेलिफोनची वायर जोडतात. दुसरा हँडसेट, तो हातात घेऊन घरभर फिरता येतं. दोघांमधलं बोलणं हवेतून चालतं. हवा कुणा एकाची नसते, म्हणून कारखान्याने माझ्या पोटाखाली चार बारीक खटके बसवले. ते वरखाली करून मालकाने आपला गुप्त नंबर लावायचा, म्हणजे शेजारच्या हँडसेटला माझं बोलणं ऐकू येत नाही. कारखान्यातून निघताना आम्हा सगळ्यांचे खटके खालीच असतात. पुढचं काम घेणाऱ्याचं.

मला १९९६ साली उत्तमरावांनी घेतलं. ते नगरला सावेडीत राहायचे आणि नागापूरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल फोरमन होते. कामगाराने एखादी विजेची पेटी उघडी टाकली तर त्याला सगळ्यांसमोर सोलून काढायचे. घरातला नियम मात्र वेगळा होता. नवी वस्तू नवीच दिसली पाहिजे, म्हणून तिचं प्लॅस्टिक काढायचं नाही. सोफ्यावर प्लॅस्टिक, रिमोटवर प्लॅस्टिक, आणि माझी बैठकही कारखान्याच्या पिशवीतच राहिली. त्यांची सून दीपा हिने खोक्यातला कागद वाचला. ती सासऱ्यांना मामा आणि सासूला आत्या म्हणायची.

"मामा, ह्याच्याखाली नंबर लावायचाय. पिशवी काढावी लागंल."

"कंपनीनं लावून दिलाय तो काय येडेपनानं?" उत्तमराव म्हणाले. "पिशवी काढायची न्हाई. धूळ जाती."

मला घेण्याचं कारणही सांगतो. त्या काळी गल्लीत एखाद्याकडेच फोन असायचा आणि बाकीचे आपल्या नातेवाइकांना तोच नंबर देऊन ठेवायचे. त्याला पीपी नंबर म्हणत. शेजाऱ्यांना हाका मारून मारून उत्तमरावांना वीट आला होता. त्यांनी पुढच्या खोलीतला जुना फोन काढला, मला आतल्या खोलीत लाकडी कपाटात गोधड्यांमागे बसवलं आणि फोन बंद केल्याचं गल्लीला सांगून टाकलं. ते घरी असले की हँडसेट त्यांच्याच खिशात असायचा. शेजाऱ्यासाठी कुणाचा फोन आला की ते म्हणायचे, "राँग नंबर." समोरच्या सूर्यभानची आई पुण्याला दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हाही ते हेच म्हणाले. सूर्यभान पोचला तोवर सगळं उरकलं होतं.

मग सूर्यभानने स्वतःचा फोन घेतला. दुकान तेच, कंपनी तीच, आणि खटके अर्थात खाली. एके दिवशी त्याने हँडसेट कानाला लावला तर उत्तमरावांच्या बायकोचा, भिमाबाईंचा आवाज आला. साऱ्या गल्लीपासून लपवलेला मी त्याच्या कानात बोलत होतो. तेव्हापासून सूर्यभान टीव्ही बघेनासा झाला. मला मौज वाटली, खोटं कशाला बोलू.

उत्तमरावांच्या मुलीचं, भारतीचं लग्न जामखेडच्या एका घरात ठरत आलं होतं. भारतीला लहानपणी फिट यायच्या. गोळ्या सुरू झाल्यापासून कित्येक वर्षांत एकही आली नव्हती. भिमाबाई फोनवर बहिणीला म्हणाल्या, "गोळ्यांचं कुनापाशी बोलायचं न्हाई. लग्न झाल्यावर बघू." सूर्यभानने ते ऐकलं. नवऱ्यामुलाच्या बापाचा नंबर त्याला आमच्याच बोलण्यातून मिळाला होता. त्याने आपल्या हँडसेटवरून माझी लाईन पकडली आणि जामखेडला फोन लावला. उत्तमरावांच्या लेकीची बातमी उत्तमरावांच्याच वायरीतून गेली.

लग्न मोडलं. कुणी सांगितलं, एवढाच प्रश्न घरात उरला. फोनवर संशय कसा जाणार, तो तर गोधड्यांमागे. दीपाचं माहेर जामखेडचं होतं. तेवढं पुरलं.

"तूच सांगितलंस," भिमाबाई म्हणाल्या. "माझी लेक तुझ्या डोळ्यात सलत हुती."

"आत्या, मी कुनाशीबी बोलले न्हाई. तिच्या गोळ्या मीच आनून देते ना?"

"मग घरातलं बाहेर गेलं कसं?" उत्तमरावांनी विचारलं.

दीपाचा नवरा महेंद्र फरशीकडे बघत उभा राहिला. दीपाला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, त्यामुळे तिला घालवताना गल्लीत कारणही द्यावं लागलं नाही. भिमाबाईंनी शेजारणींच्या देखत तिच्या हातात लाडूंचा डबा दिला आणि हळूच सांगितलं, "परत यायचं न्हाई." शेजारणी सुखरूप सुटायचे आशीर्वाद देत होत्या. महेंद्रला पुढे सांगण्यात आलं की तीच यायला तयार नाही. त्याने ते मानलं. त्याला सोपं गेलं.

महिनाभराने उत्तमरावांनी हँडसेट उचलला आणि त्यांना सूर्यभान ऐकू आला. तो कुणाला तरी हसत सांगत होता, "उत्तमरावाच्याच लाईनवरनं बोलतोय. त्याच्या पोरीचं लग्न बी मी ह्याच्यावरनंच मोडलं."

फोरमनच तो, समजायला वेळ लागला नाही. त्यांनी कपाट उघडलं, गोधड्या ओढल्या, पिशवी टराटरा फाडली आणि मला उताणं केलं. चारही खटके खाली. ते पलंगावर बसून राहिले. मग दीपाची मागे राहिलेली एक हेअरपिन घेऊन त्यांनी नवा नंबर लावला. त्या दिवसापासून सूर्यभानला नुसती खरखर ऐकू यायला लागली.

"काय करताय?" भिमाबाईंनी दारातून विचारलं.

"धूळ पुसतोय."

दीपाला परत आणायचं तर चूक कुणाची हे सांगावं लागलं असतं. उत्तमरावांनी गोधड्या परत रचल्या.

आणखी काही महिन्यांनी दुपारी जामखेडच्या बूथवरून फोन आला. मागे बाळ रडत होतं.

"मामा, मी दीपा. मुलगी झाली. ह्यांना एकदा बघून जा म्हनावं."

उत्तमरावांचा श्वास मी तिच्यापर्यंत नीट पोचवला. मग ते म्हणाले, "राँग नंबर."

"कुनाचा फोन?" महेंद्रने विचारलं.

"राँग नंबर."

तिने पुन्हा लावला. पुन्हा तेच उत्तर मिळालं. त्यानंतर तिने लावला नाही.

आता माझी बॅटरी फुगली आहे आणि मी माळ्यावर पडून आहे. शेवटी उपदेश करायची पद्धत आहे, तर करतो. मित्रांनो, वस्तू लपवली म्हणून ती सुरक्षित होत नाही. तिचं प्लॅस्टिक फाडा, तिला उताणं करा, कारखान्याचा नंबर बदलून आपला लावा, आणि हे पहिल्याच दिवशी करा. उत्तमरावांनी उशिरा केलं, पण चोख केलं. दीपाचा तो फोन गल्लीत कुणालाही ऐकू गेला नाही.