एक नाणं कमी

"पिशवी इकडे द्या. आणि खिसेही रिकामे करा," तपासनीस म्हणाला. बस कडेला उभी होती आणि प्रवासी माना वळवून बघत होते.

कंडक्टरनं चामड्याची पिशवी मागच्या बाकावर ओतली. एकतीस वर्षांत त्याची रोकड कधी चुकली नव्हती, आणि निवृत्तीला आता पाचच महिने उरले होते. तपासनीसानं तिकिटांशी रक्कम ताडून पाहिली, नाणी दोनदा मोजली. एक नाणं कमी भरलं. ते कंडक्टरच्या शर्टाच्या खिशात निघालं.

"हे काय?"

"स्टँडवर गेल्यावर त्याच्या बदली दुसरं टाकणारच होतो, साहेब."

"सगळे हेच म्हणतात हो!"

पण तो खरंच बदली टाकणार होता. त्याच्या पोरीनं आठव्या वर्षी एका पुठ्ठ्याला गोल भोकं पाडली, प्रत्येकाखाली एकेका सालाचा आकडा लिहिला आणि बापाला कामाला लावलं. "बाबा, प्रत्येक सालाचं एक आणायचं. तुमच्याकडे तर पोतंभर येतात!" तेव्हापासून हातात आलेलं नाणं तो उलटून बघायचा. हवं ते साल दिसलं की आधी स्वतःचं नाणं पिशवीत टाकायचा, मगच ते उचलायचा. खिशात स्वतःचे पैसे किती, हे रोज सकाळी कागदावर लिहून द्यावं लागे. तेही त्यानं कधी चुकवलं नाही.

पोर दहाव्या वर्षी तापानं गेली. पुठ्ठा कपाटात राहिला, आणि त्याची नाणी उलटायची सवयही राहिली. भरता भरता एकच भोक उरलं. त्या साली घरात विशेष काही घडलं नव्हतं; नाणीच कमी पाडली होती, एवढंच. एकोणीस वर्षं ते त्याला हुलकावणी देत होतं.

त्या दुपारी एका बाईनं दिलेल्या सुट्ट्यांत ते आलं. त्यानं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. बदली टाकायला खिशात हात घातला, तर खिसा रिकामा. सकाळचे पैसे चहात आणि डोकेदुखीच्या गोळीत गेले होते. पिशवीत ठेवावं तर गर्दीत सुटे देताना चुकून कुणाला दिलं जाईल, या धास्तीनं त्यानं ते वरच्या खिशात टाकलं. स्टँड तीन थांब्यांवर होता; तिथं कुणाकडून तरी नाणं उसनं घेऊन बदली टाकता आलं असतं. तपासनीस दुसऱ्या थांब्यावर चढला.

चौकशीला बसलेला अधिकारी माणूस म्हणून वाईट नव्हता. "अहो, तुमच्यासारख्यानं एका नाण्यासाठी हे करावं? काही कारण असेल तर बोला, मी लिहून घेतो."

नाणं लाखेनं बंद केलेल्या पाकिटात, फाइलीला टाचलेलं होतं. कंडक्टर त्याच्याकडेच बघत होता.

"कारण काही नाही, साहेब. चूक झाली." मग म्हणाला, "ते... दुसरं देऊन बदलून मिळेल का?"

"पुरावा आहे तो. कसा मिळणार?"

नोकरी गेली. निवृत्तीचे पैसेही अडकले.

"पोरीचं का नाही सांगितलंत?" बायकोनं विचारलं. "सोडलं असतं एखाद्या वेळेस."

"चोरीच्या कागदात तिचं नाव घालू?"

ती ओट्याकडे वळली.

चार महिन्यांनी त्याला एका गोदामावर राखणीचं काम मिळालं. पहिल्या दिवशी सकाळी तो बसमध्ये चढला, तर कंडक्टर त्याच्याच डेपोतली बाई निघाली. तिनं त्याला ओळखलं.

"बसा हो, काका. तुमच्याकडून कसले पैसे घ्यायचे?"

"तिकीट फाडा, बाई. उद्या तुमची पिशवी कुणी उलटी केली तर?"

तिनं तिकीट फाडलं आणि उरलेले सुटे त्याच्या तळहातावर ठेवले. त्यानं मूठ मिटली, न बघताच ते खिशात सोडले आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.