मांडवाच्या बाजू

कुशाबाने प्लास्टिकच्या कागदाची कड वर उचलली आणि आतली वाफ भसकन त्याच्या तोंडावर आली. पाऊस उघडून बाहेर लख्ख ऊन पडलं होतं, आणि आत कोथिंबीर उकडून मातीला चिकटली होती. त्याने एक मूठ उपटली. देठ बोटांतच लिबलिबीत झाले.

कोकणातल्या पावसात कोथिंबीर टिकत नाही, म्हणून तर श्रावणात महाडच्या बाजारात तिचा भाव चढतो. हे हेरून या पठ्ठ्याने म्हैस विकली, मुंबईहून कागद आणवला आणि बांबूंच्या मांडवावर ताणला. त्र्याऐंशी सालात असलं काही पोलादपूरच्या खोऱ्यात कुणी केलं नव्हतं. लोक हसले. त्याचा हिशेब पक्का होता. दोन वाफ्यांत कागदाचे पैसे सुटणार, उरलेले चार बाळंतपणाचे. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर प्रयागबाईला दिवस राहिले होते, तिसरा महिना चालू होता. बाळंतपण महाडच्या दवाखान्यातच करायचं, हे त्याने पेरतानाच ठरवलं होतं.

सकाळी व्यापाऱ्याशी भाव ठरवायला निघताना त्याने दहादा बजावलं होतं,

"ऊन आला तर बाजू वर गुंडाळ गो. नायतर आत शिजंल सगळी."

"चुलीवरची भाकर करपू देत नाय, ती ही शिजू देईन होय?" ती हसली होती.

आता तो तणतणत घराकडे निघाला. एवढं एक काम सांगितलं होतं! प्रयागबाई पडवीच्या टोकाला पोत्यावर बसली होती.

"मेलीस काय गो? बाजू का नाय उचलल्या?"

तिने मान वर केली नाही.

"हात कशी लावू? बाजूला बसलेय."

दर महिन्याला ऐकायचा तसंच त्याने ते ऐकलं. त्या चार दिवसांत बाईने उभ्या पिकाला शिवायचं नाही, शिवलं की पीक कुजतं, हा आईच्या वेळचा नेम. मांडव घातला त्या दिवशी त्यानेच तो तिला पुन्हा ऐकवला होता. पण दिवस राहिलेली बाई बाजूला कशी बसेल? तिसरा महिना चालू होता.

"कधी?"

"तुमची एसटी गेली, त्याच्या मागोमाग."

"कुणाला हाक तरी मारायची."

"मारली ना. मांडवासाठी दोनदा मारली. सगळी भातातलं तण बेणायला गेलीत."

आपण काय बोललो ते त्याला आता ऐकू आलं. तो पुढे झाला तशी ती अंग चोरून मागे सरली.

"शिवू नका. मागचं दोन वाफं अजून जित्तं असतील. तुम्हांला आत जाया लागंल."

"नाय जायाचा," तो म्हणाला, आणि तिचा हात धरून पोत्यावर तिच्याशेजारी बसला.