बिनखोडीची म्हैस

सूर्यभानतात्यांच्या स्वप्नात रोज दुपारी एक पांढरी म्हैस यायची.

पांढरी म्हैस नसते, हे तात्यांना कळत होतं. मिसरूड फुटल्यापासून घोडेगावच्या बाजारात दलाली केलेल्या माणसाला म्हशीचा रंग कुणी शिकवायला नको. पण स्वप्नात आपलं काही चालत नाही. तिथं आपण गिऱ्हाईक, माल दुसऱ्याचा.

स्वप्नातला बाजार रिकामा असायचा. धुरळा वर उडालेला आणि खाली यायचं विसरून गेलेला. बैल एकही नाही, पण घुंगरं वाजतायत. मधोमध ती म्हैस, दुधात बुडवून काढल्यासारखी, आणि तिच्या दाव्याला धरून उभा एक इसम. त्याला तोंडाच्या जागी रिक्षावरचा भोंगा होता. हे कुणालाच वावगं वाटत नव्हतं, तात्यांना तर मुळीच नाही.

"खोड काय हिची?" तात्या विचारायचे.

"काहीही नाही!" भोंगा म्हणायचा. "संपूर्ण सुरक्षित! निश्चिंत राहा!"

त्यावर म्हैस लाजून खाली बघायची, आणि तात्या पाठ फिरवून चालू लागायचे. मग जाग यायची.

आता यात तात्यांचं काय चुकलं? जनावराची खोड आधी सांगायची, हा बाजाराचा रिवाज आहे. मारकं असेल तर मारकं, दावं तोडत असेल तर दावं तोडतं. तात्यांनी एकदा एक बैल विकला होता, "ह्यो फटफटी दिसली की खाली बसतो, मंग उठत न्हाई," असं छातीठोक सांगून. गिऱ्हाइकानं आनंदानं नेला. त्याच्याकडं फटफटी नव्हती. पण "खोडच नाही" असं म्हणणारा विक्रेता भेटला की समजावं, हे जनावर किमान माणसं तरी खात असणार.

आणि नेमकं तसंच घडलं होतं. नात संस्कृती तान्ही असताना गावात लसीची रिक्षा फिरली. भोंग्यावरची बाई मधाळ आवाजात सांगत होती, काही होत नाही, काहीसुद्धा होत नाही. सुनेनं, दिपालीनं, पोरीला नेऊन टोचून आणलं. दुपारी पोरीचं अंग चुलीवरच्या तव्यासारखं झालं. ताप दुसऱ्या दिवशी उतरला, पण तात्यांचा उतरला नाही. "ताप न्हवं ह्यो," ते म्हणाले, "फसवनूक हाय." त्या दिवसापासून घरात सुई बंद.

गोठ्यातल्या म्हशीला मात्र सगळ्या लशी वेळेवर. तिच्या कानात पिवळा बिल्ला होता आणि ती तो मिरवत असे. कारण जनावरांचा डॉक्टर आधीच सांगून टोचायचा, "दूध थोडं कमी देईल, मानेवर गाठ येईल." दूध कमी यायचं, गाठ यायची, आणि तात्या खूश व्हायचे. माणूस शब्दाला पक्का.

त्यामुळं दीड वर्षाच्या संस्कृतीचे डोस राहिले होते, आणि दसरा होऊन गेला होता. पोरगा कल्याण आणि दिपाली ऊसतोडीला निघणार होते. गुरुवारी ट्रॅक्टर भरायचा होता. मागच्या साली उसाच्या फडावर गोवर आला होता, पाचटाच्या झोपड्यांतून, कोपीकोपीतून पोरं तापली होती, आणि एक पोर परत आलंच नव्हतं. हे तात्यांनाही ठाऊक होतं. म्हणूनच बहुतेक ती म्हैस रोज येत होती.

त्या आठवड्याच्या बाजारच्या दिवशी तात्या बाजारातल्या लिंबाखाली कडब्याच्या पेंढीला टेकून डुलकी काढत होते. धुरळा, घुंगरं, भोंगा, सगळं आलं. तात्यांनी नेहमीसारखं विचारलं, "खोड काय हिची?"

"कुनाची, दादा?"

म्हैस बोलली असं त्यांना वाटलं, म्हणून त्यांनी अदबीनं डोळे उघडले. समोर धाकटी बहीण राहीबाई. ती गावची आशाताई, आणि गेला महिनाभर तात्यांच्या दारात चकरा मारून दमलेली.

"लशीची खोड इचारतूय," तात्या अर्धवट झोपेतच म्हणाले. म्हैस अजून डोळ्यांच्या कडेला उभी होती.

राहीबाई बोलायला आली होती ती भलतंच. गोवर किती वाईट, लस किती चांगली, हे सगळं तिला तोंडपाठ होतं. पण ती काही झालं तरी दलालाची पोर. दोघं भावंडं बापाच्या रुमालाखाली वाढली होती; बाजारात भाव बोलून नाही, रुमालाखाली बोटं धरून ठरतो. ती पदर खोचून समोर खाली बसली.

"व्हय रं, हे मला आधी का न्हाई सुचलं! ऐक. दोन सुया हायेत. एक दंडाला, गोवराची. एक मांडीला, तिरगुनी, घटसर्पाची-डांग्या खोकल्याची. मांडीची लई खोडीची. जागा सुजती, लाल व्हती. पोरगी किरकिर करंल, जेवनार न्हाई. अंग तापंल."

तात्या सावरून बसले. "आनि?"

"गोवराचीनं आठवड्याभरानं एखांद्याला बारीक पुरळ येतं. आपसूक जातं."

"आनि?"

"ताप लईच चढला, झटका आला, तर घरात बसायचं न्हाई, थेट दवाखाना. असं हजारात एखांद्याचं बी व्हत न्हाई, पन सांगायचं काम माझं. म्हनून टोचल्यावर अर्धा घंटा तिथंच बसवून ठिवत्यात."

डोळ्यांच्या कडेची म्हैस हळूच काळी झाली.

"मंग त्या भोंग्यात ह्यातलं एक बी का न्हाई सांगितलं?"

"लोक भित्याल म्हनून."

"खोड ऐकून कोन भितंय, येडे! न सांगितल्यावर भितंय मानूस." तात्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून हातावर टाकला. "घाल हात. ताप किती, ते ठरवू."

आता ताप ठरवून येत नसतो, हे राहीबाईला सांगता आलं असतं. पण रुमाल पसरलेला असताना बोलायचं नसतं, हाही रिवाजच. तिनं हात घातला. आजूबाजूच्या सौद्यांवरचे हात थांबले. शेजारचा एक बैलसुद्धा रवंथ करायचा थांबला.

रुमालाखाली तात्यांनी आधी मूठ दाबली. म्हणजे ताप नको. राहीबाईनं दोन बोटं धरली, दोन दिवस. तात्यांनी अर्धं पेर दाखवलं. तिनं मान हलवली. तात्यांनी आभाळाकडं बघितलं, तिनं उठायचं सोंग केलं, तात्यांनी तिचं मनगट धरून बसवलं. शेवटी एक बोट. एक दिवस.

"ठरलं," तात्या मोठ्यानं म्हणाले. "पन एक अट. ताप हितंच आला पायजे, माज्यादेखत. रस्त्यात नको."

"दादा, ताप काय माज्या हातात हाय का?"

"खोड तू सांगितली. माल घरपोच तुजा."

गुरुवारी सकाळी अंगणवाडीत ज्योती सिस्टरांनी संस्कृतीला दोन सुया दिल्या. पोरीनं असा टाहो फोडला की पलीकडच्या वस्तीवरची कुत्री उठून बसली. तात्या समाधानानं म्हणाले, "किरकिर आली. येक झालं."

बाहेर ट्रॅक्टर भरून उभा होता. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोयते, कोंबड्या आणि टोळीतली सगळी बिऱ्हाडं. मुकादम वैजनाथ घाईत होता.

"तात्या, अर्धा घंटा झाला. बसू द्या सुनंला."

"थांबायचं हाय."

"कशासाठी?"

"ताप यायचाय."

वैजनाथानं कल्याणकडं बघितलं. कल्याणनं आभाळाकडं बघितलं.

"कधी येनार?" वैजनाथानं विचारलं.

"निघालाय," तात्या म्हणाले.

का कोण जाणे, पण वैजनाथाला हे पटलं. येणाऱ्याला टाकून निघणं बरं दिसत नाही. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. कुणीतरी तीन दगड मांडून चहा ठेवला. संस्कृती अंगणवाडीच्या ओट्यावर बसून बिस्कीट खात होती, एकदम थंडगार. येणारेजाणारे तिच्या कपाळाला हात लावून जात होते आणि मान हलवत होते. दुपार अशी लांबली की सावल्या जागच्या जागी झोपल्या.

बसून बसून टोळीतल्या बायकांना बोलायला विषय उरेना. तेव्हा भीमाबाई नावाची एक जण मांडीवरचं पोर सावरत म्हणाली, "तात्या, आमच्याबी पोराचं राहिलंय. काय काय व्हतंय म्हनला त्याला?"

तात्या उभे राहिले. आणि अंगणवाडीच्या दारात, भर दुपारी, त्यांचा बाजारचा आवाज लागला.

"या बाई, या! मांडी सुजनार! पोरगं रातभर झोपू देनार न्हाई! अंग तापनार! पुरळ आलं तर आठवड्यानं येनार! सगळी खोड उगड्यावर हाय, मागनं तक्रार चालायची न्हाई! आन गोवर, त्यो मात्र दारात यिऊन परत जानार!"

ज्योती सिस्टर धावत बाहेर आल्या. "अहो काका, काय ओरडताय! लोक पळून जातील!"

पळून कुणी गेलं नाही. भीमाबाई पुढं झाली. तिच्यामागून दुसरी, मग तिसरी. एक आजोबा स्वतःची मांडी पुढं करून उभे राहिले. त्यांना घरी पाठवावं लागलं. सिस्टरांनी डब्यातल्या कुप्या मोजल्या, रांगेकडं बघितलं आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "काका, ते सुजण्याचं परत एकदा सांगा. मागच्यांना ऐकू आलं नाही."

दिवस कलला तेव्हा दिपालीनं सासऱ्याला हाक मारली. "मामा, बघा बरं, अंग कोमट लागतंय का?"

सगळी टोळी ओट्याभोवती जमली. तात्यांनी आधी हात झटकून कोरडा केला, मग जनावराच्या कानशिलाला लावतात तसा अलगद नातीच्या कपाळाला लावला. डोळे मिटले. 

"आला," तात्या म्हणाले.

ट्रॉलीत कुणीतरी टाळ्या वाजवल्या. वैजनाथानं फेटा काढून घाम पुसला. राहीबाईनं सिस्टरांनी दिलेलं औषध चमच्यानं पाजलं, ओल्या फडक्यानं अंग पुसलं. टोळी त्या दिवशी निघालीच नाही. निघणार कशी, निम्मी पोरं किरकिरत होती. सकाळी ताप उतरलेली संस्कृती आजोबांच्या मिशा उपटत होती. ताप एक बोट आला होता, ना कमी ना जास्त. ट्रॉली निघाली तशी तात्यांनी मागं धावत जाऊन दिपालीला एवढंच सांगितलं, "पुरळ आलं तर भिऊ नको. तेबी ठरलेलं हाय."

पुरळ आलं नाही. महिन्यानं कल्याणचा फोन आला.

"तात्या, पलीकडच्या टोळीत गोवर उठलाय. चार कोप्यांत पोरं तापलीत."

तात्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "आन आपली?"

"आपल्या टोळीत एक बी न्हाई. संस्कृती ना? ती बघा कोंबडीमागं पळतीय. देऊ का? न्हाई येत म्हनती. कोंबडी घावंना म्हनून रुसलीय."

तात्यांनी फोन खाली ठेवला आणि लिंबाखाली पेंढीला टेकले. धुरळा वर उडाला आणि या वेळी शिस्तीत खाली बसला. म्हैस उभी होती, काळीभोर, कानात पिवळा बिल्ला. दाव्याला धरलेल्या इसमाला आज साधं माणसाचं तोंड होतं.

"खोड काय हिची?"

"लाथ मारती," इसम म्हणाला. "जपून."

तात्यांनी हसून रुमाल पसरला आणि एक पाऊल पुढं टाकलं. म्हशीनं सांगितल्याप्रमाणं लाथ मारली.

जाग आली तेव्हा त्यांचा गुडघा खरोखरच ठणकत होता. तात्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, मोठ्या समाधानानं दाबून बघितला आणि पुन्हा कुशीवर वळले.